लाल अळीची साक्ष: नागपूरची तळी, नागनदी आणि पाणी ओळखण्याचा इतिहास

ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जी पुनरुक्ती झाली तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आहे एक-दीड सेंटिमीटर लांबीची लाल अळी. ती तळ्याच्या आणि नदीच्या गाळात राहते. ॲक्वेरियमच्या दुकानात ती 'ब्लडवर्म' या नावाने पाकिटात गोठवलेली मिळते. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्यांनी ती प्रॅक्टिकलमध्ये पाहिली असेल. तिचं शास्त्रीय नाव कायरोनोमस. मोठी झाली की तिचं चिलट होतं, संध्याकाळी दिव्याभोवती थव्याने घोंगावतं ते.

मग हिचा इतिहासाशी संबंध काय? सांगतो.

रामदासपेठेच्या कडेने नागनदी वाहते. शहराला नाव देणारी ही नदी, पण निम्मे लोक तिला 'नाला'च म्हणतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि हा 'नाला' लोकांच्या घरात शिरला. त्या दिवशी सगळ्यांना आठवलं, की ही नदी आहे. त्याआधी 2021 साली केंद्र सरकारने नागनदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे 2,117 कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला होता. मलवाहिन्या, प्रक्रिया केंद्रं, पंपिंग स्टेशनं, असं सगळं त्यात आहे.

आता माझा प्रश्न साधा आहे. उद्या कुणी जाहीर केलं, की नागनदी स्वच्छ झाली, तर ते खरं की खोटं हे कुणाला विचारायचं? प्रयोगशाळेला तर विचारायचंच. पण नदीच्या तळाशी राहणाऱ्यांनाही विचारायला हवं. ही कल्पना माझी नाही. तिला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे आणि त्याचा एक धागा आपल्या नागपुरातून जातो.

आधी ओळख करून घेऊ

पहिली गल्लत दूर करू. हा डास नाही. दिसायला डासासारखा आहे, पण चावत नाही. या चिलटाला डासासारखी रक्त शोषणारी सोंड नसते. बसल्यावर डास बहुधा मागचे पाय वर उचलतो, हे चिलट पुढचे पाय उचलून हलवतं. म्हणून 1803 साली मायगन या जर्मन अभ्यासकाने त्याला कायरोनोमस हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ हात हलवून अभिनय करणारा. या मोठ्या चिलटाचं आयुष्य जेमतेम काही दिवसांचं. बहुतेक जाती तर त्या काळात काही खातही नाहीत. खरं आयुष्य जातं पाण्याखाली, अळी म्हणून.

अळ्यांतही फरक आहे. क्यूलेक्स डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी उलटी लटकते आणि शेपटीकडच्या नळीने हवेतला ऑक्सिजन घेते. त्यामुळे खालचं पाणी कितीही सडलं तरी तिचं चालून जातं. आपली लाल अळी मात्र तळाच्या गाळात, स्वतःच्या लाळेच्या धाग्यांनी विणलेल्या नळीत राहते. तिला पाण्यात जेवढा ऑक्सिजन आहे तेवढ्यावरच भागवावं लागतं. म्हणून तिच्याकडे हिमोग्लोबिन आहे. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या आत असतं, हिच्या रक्तात ते थेट विरघळलेलं असतं. लाल रंग त्याचाच. पाण्यात ऑक्सिजन फार कमी असला तरी ते तो पकडतं.

नळीत ही अळी सतत अंग हलवत असते. त्यामुळे वरचं पाणी गाळात ओढलं जातं, गाळाच्या आतल्या थरांना थोडा ऑक्सिजन मिळतो आणि तिथली कुजण्याची क्रिया बदलते. शेतात गांडूळ जे करतं ते तळ्यात ही करते. शिवाय गाळातला सेंद्रिय कचरा खाऊन ती वाढते आणि एक दिवस चिलट होऊन उडून जाते. म्हणजे तळ्यातला थोडा मैला अक्षरशः पंख लावून बाहेर पडतो आणि पाकोळ्या, वटवाघळं, चतुर, कोळी यांच्या पोटात जातो. पाण्यात असतानाच मासे तिला खातात ते वेगळंच.

हे कुटुंब प्रचंड मोठं आहे. हजारो जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि सगळ्या लाल नसतात, सगळ्या घाणीतही राहत नाहीत. काही स्वच्छ, थंड झऱ्यांतच जगतात. हिमालयातल्या हिमनदीवर राहणारी एक जात 1984 साली नोंदली गेली. ती उणे 16 अंशालाही हालचाल करते. समुद्रात तर कीटक जवळजवळ नाहीतच, पण तिथेही या कुटुंबाने पाय रोवलेत. युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावर क्लुनियो नावाचं चिलट राहतं. त्याच्या अळ्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढतात, आणि प्रौढ बाहेर येतात ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणानंतरची ओहोटी सगळ्यात खोल जाते तेव्हा. अंडी घालायला उघडा किनारा मिळतो तो तेवढाच वेळ. कोकणातला कोळी तिथी बघून समुद्राचा अंदाज बांधतो, हे चिलटही तेच करतं. 2016 साली त्याचा जनुकसंच वाचून या घड्याळाचा शोध घेतला गेला. आणि जे मोठे रोहित पक्षी बघायला आपण खाडीकाठी जातो, ते चिखल गाळून जे लहानसहान जीव खातात, त्यांत याच कुटुंबातल्या अळ्या असतात.

हिस्लॉप साहेब आणि नागपूरची तळी

आता नागपूर. इथे 1845 साली स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी आला. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाने आहे. धर्मप्रचार आणि शाळा हे त्याचं काम, पण नजर सगळीकडे. सहकारी रॉबर्ट हंटरबरोबर तो आसपासचे खडक तपासत फिरायचा. टाकळीला, म्हणजे आज जे शहरातच आलंय त्या टाकळीला, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळ त्यांना सापडला. त्यात गोगलगाईंचे शंख होते, वनस्पतींच्या बिया होत्या आणि कीटकांच्या पंखांवरची कठीण झाकणंही होती. त्या कीटकांवर 1860 साली लंडनमध्ये निबंध छापून आला. आज आपल्याला माहीत आहे, की तो गाळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा आहे. एक तळं संपलं, वरून लाव्हा वाहिला आणि तळाशी कोण राहत होतं याची नोंद मात्र शिल्लक राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हिस्लॉपने जिवंत तळ्यांतही डोकावून पाहिलं. नागपूरच्या तळ्यातून त्याने एक सूक्ष्म जीव गोळा केला. एकमेकांना चिकटून, दगडा-शिंपल्यांवर पातळ साल धरल्यासारखा वाढणारा. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हेन्री कार्टर नावाचे डॉक्टर होते, गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर काम करणारे. त्यांनी 1858 साली या जीवाचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं 'हिस्लोपिया लॅकस्ट्रिस'. आजही जगभरातले अभ्यासक हे नाव वापरतात. म्हणजे नागपूरचं एक तळं जागतिक प्राणिशास्त्रात कायमचं नोंदलेलं आहे आणि आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे?

हिस्लॉप 4 सप्टेंबर 1863 ला गेला. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून. आयुष्यभर पाण्याचा इतिहास वाचणाऱ्याचा शेवटही पाण्यातच झाला.

चिलटांची नोंद व्हायला अजून काही दशकं गेली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये देशभरातून नमुने यायचे. त्यातली चिलटं फ्रेंच-जर्मन सरहद्दीवरच्या लोरेनमध्ये राहणाऱ्या जाँ-जाक किफर या धर्मगुरूकडे पाठवली जात. भारतीय प्रयोगशाळांत आज सर्रास वापरली जाणारी कायरोनोमस स्ट्रायटीपेनिस ही जात त्यानेच 1910 साली नोंदली. योगायोग बघा, एका धर्मगुरूने आपल्या तळ्यांतले जीव गोळा केले आणि दुसऱ्याने आपल्या चिलटांना नावं दिली.

तळ्यांचं शहर ते नाल्याचं शहर

नागपूर हे तळ्यांनी घडवलेलं शहर आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाहने 1702 च्या सुमारास ते वसवलं. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाने ओढे वळवून जुम्मा तलाव केला. तोच शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर. याच तलावाजवळच्या दलदलीत जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल उभारली आणि 1 जानेवारी 1877 ला ती सुरू झाली. अंबाझरी भोसल्यांच्या काळातला, इंग्रजी अमदानीत वाढवलेला. 1870 च्या दशकात तिथून शहराला पाणीपुरवठा सुरू झाला.

आज आपल्या नळाला पाणी येतं ते पेंच आणि कन्हानचं. दुरून पाणी यायला लागलं की जवळच्या पाण्याची गरज संपते आणि गरज संपली की लक्ष संपतं. अंबाझरीत वाडी आणि हिंगण्याकडचं सांडपाणी यायला लागलं, मग जलपर्णी पसरली. नागनदीत शहराचा मैला गेला. ही नदी पुढे कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसीखुर्द धरणाला मिळते. म्हणजे आपण फ्लश केलेलं पाणी शेवटी भंडाऱ्याकडच्या ढिवरांच्या जाळ्यापर्यंत पोचतं. नदी स्वच्छ झाली की नाही, हा प्रश्न आपल्यासाठी वासाचा असेल. त्यांच्यासाठी तो पोटाचा आहे.

तिकडे जर्मनीत

आता थोडं युरोपात जाऊ, कारण पाणी प्राण्यांवरून ओळखण्याची शिस्त तिथे लागली. कारखानदारी वाढली तशा तिथल्या नद्या आपल्या नागनदीसारख्या झाल्या होत्या. बर्लिनमध्ये कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी 1908 आणि 1909 साली याद्या छापल्या. अतिदूषित पाण्यात कोण राहतं, मध्यम पाण्यात कोण, स्वच्छ पाण्यात कोण. आधी वनस्पतींची यादी, मग प्राण्यांची. नदीकाठी जाऊन तळ खरवडायचा, कोण सापडतं ते पाहायचं आणि पाण्याची प्रत सांगायची.

त्याच सुमारास आउगुस्ट थीनेमान हा जर्मन शास्त्रज्ञ सरोवरांचे तळ तपासत होता. त्याला दिसलं, की आयफेल डोंगराळ भागातल्या खोल, निवळ सरोवरांच्या तळाशी टॅनिटार्सस गटातल्या अळ्या आहेत आणि उत्तर जर्मनीतल्या उथळ, शेवाळलेल्या सरोवरांच्या तळाशी कायरोनोमस. कारण ऑक्सिजन. पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस जास्त झाला की शेवाळ वाढतं, मरून तळाशी बसतं, ते कुजवताना जिवाणू तळाचा ऑक्सिजन संपवतात. मग तिथे टिकते फक्त लाल अळी. थीनेमानने चक्क सरोवरांची वर्गवारीच या अळ्यांवरून केली. 1922 साली त्याने आणि स्वीडनच्या नौमान यांनी मिळून सरोवरशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना काढली.

पुढे ब्रिटनने हे आकड्यांत बसवलं. 1970 च्या दशकात तिथे एका कार्यगटाने प्रत्येक प्राणिकुटुंबाला 1 ते 10 गुण दिले. मेफ्लाय नावाच्या नाजूक कीटकाच्या काही कुटुंबांना 10, अनेक चतुरांना 8, डबक्यातल्या साध्या गोगलगाईंना 3, आपल्या चिलटाच्या अळीला 2 आणि गाळातल्या बारीक गांडुळांना 1. जे सापडतील त्यांच्या गुणांवरून नदीची प्रत.

आणि परत नागपुरात

1958 साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. पाणीपुरवठा, सांडपाणी, साथीचे रोग हे तिचे विषय. 1974 साली तिचं नाव बदलून झालं राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली नीरी. देशभरातलं पाणी तपासणारी संस्था ज्या शहरात आहे, त्याच शहरातून नागनदी वाहते. टोमणा मारायला सोपं आहे, पण मुद्दा तो नाही. संशोधन संस्था उपाय सुचवते, गटारं बांधणं तिच्या हातात नसतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही यमुनेवर अभ्यास करून भारतासाठी जैविक निकष तयार केले. तळातल्या प्राण्यांच्या कुटुंबांना 0 ते 10 गुण, त्यांच्या विविधतेला 0 ते 1, आणि दोन्ही मिळून पाण्याचे पाच वर्ग, 'स्वच्छ' ते 'तीव्र प्रदूषित'. नकाशावर निळ्यापासून लालपर्यंत रंग. म्हणजे पद्धत आपल्याकडे आहे, सरकारी कागदावर आहे.

तरी बातम्यांत काय येतं? बीओडी इतका, विरघळलेला ऑक्सिजन इतका. पाण्याचे जे अ ते ई वर्ग आपण नेहमी ऐकतो, तेही रासायनिक मोजमाप आणि कोलिफॉर्म जिवाणूंच्या संख्येवर ठरतात.

स्नॅपशॉट आणि लॉग

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. सर्व्हर रात्री तीनला पडला आणि सकाळी अकराला तुम्ही स्क्रीनशॉट काढला, तर त्यात सगळं हिरवंच दिसणार. काय घडलं ते कळायला लॉग लागतो. बाटलीत घेतलेला पाण्याचा नमुना हा स्क्रीनशॉट आहे. तळातले जीव हा लॉग आहे.

ही नुसती उपमा नाही. शेवाळलेल्या तळ्यात दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. सकाळी अकरा-बाराला नमुना घेतला तर आकडा छान येतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरतं, पहाटे आकडा तळाला जातो. त्यात आपला उन्हाळा. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: 10 अंशांना लिटरमध्ये सुमारे 11 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे, आणि सकाळी तरंगताना दिसतात. नमुना घेणारा पहाटे चारला तिथे नसतो. अळी असते. ती महिनाभर, रात्रंदिवस तिथेच असते. कुणी रात्री गुपचूप टँकर सोडला तर तेही तिलाच कळतं. जड धातू आणि कीटकनाशकांच्या गाळात वाढलेल्या अळ्यांच्या जबड्याचे दात वेडेवाकडे होतात, हे 1971 पासून कॅनडातल्या अभ्यासांतून नोंदलं गेलं आहे. म्हणजे काय घडलं याची खूण तिच्या अंगावरच राहते.

रासायनिक तपासणी नको असं मी म्हणत नाहीये. कोणतं रसायन, किती, हे अळी सांगू शकत नाही. ती पूर्ण निष्पापही नाही. 2001 साली इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवलं, की या चिलटांच्या अंड्यांच्या चिकट पुंजक्यांत कॉलऱ्याच्या जिवाणूचे भाईबंद वाढतात. पण ती घाण करत नाही. घाण असते म्हणून ती उरते, बाकीचे गेलेले असतात.

मग अळ्या दिसल्या तर चांगलं की वाईट?

इथे खरी मेख आहे. उत्तर एका शब्दात नाही, क्रमात आहे. चांगल्या नदीत लाल अळीही असते, पण मेफ्लाय, चतुर, शिंपले यांच्या गर्दीत एक म्हणून. नदी बिघडली की बाकीचे एकेक करून जातात आणि लाल अळ्या हजारोंनी वाढतात. अजून बिघडली, ऑक्सिजन पार संपला, तळ काळा पडला आणि सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला, की लाल अळीही जाते.

म्हणजे नदी सुधारताना हाच क्रम उलटा दिसला पाहिजे. काळ्या, मेलेल्या पट्ट्यात लाल अळ्या परत आल्या तर ती चांगली बातमी समजा. नंतर त्या कमी होऊन चतुरांच्या अळ्या, गोगलगाई यायला लागल्या तर अजून चांगली. आणि कधी मेफ्लाय सापडलाच तर पेढे वाटा. पण पहिल्याच टप्प्यात 'नदीत किडे झाले' म्हणून ओरड झाली आणि कुणी औषध फवारलं, तर आपण साक्षीदारालाच मारलेलं असेल.

एक शेवटची गोष्ट, हिस्लॉपच्या टाकळीची आठवण ठेवून. या अळ्यांच्या डोक्याचं कठीण कवच गाळात हजारो वर्षं टिकतं. जगभर सरोवरांचा गाळ उभा कापून, थराथरातली कवचं मोजून, जुनं हवामान आणि जुनं प्रदूषण वाचलं जातं. गांधीसागराच्या तळाशी जिथे गाळ हललेला नसेल, तिथे गोंडांपासून मिलच्या भोंग्यापर्यंतची पानं एकावर एक पडलेली असतील. आपण तळी 'खोल' करतो तेव्हा ती पानं ट्रकमध्ये भरून नेतो. गाळ काढायला हरकत नाही, तो काढावाच लागतो. पण काढण्याआधी नळीभर गाळ एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवायला किती खर्च येईल?

प्रकल्पासाठी 2021 साली मंजूर झालेल्या 2,117 कोटींच्या मानाने जैविक तपासणीचा खर्च नगण्य आहे. जाळी, पांढरा ट्रे, भिंग आणि ओळख पटवणारा विद्यार्थी. अंबाझरीच्या सांडव्यापासून नदी कन्हानला मिळते तिथपर्यंत ठराविक ठिकाणं धरा, दर ऋतूत तळ तपासा आणि यादी लोकांसमोर ठेवा. काम संपल्यावर नाही, आत्तापासून. आजची यादी हातात नसेल, तर उद्या नदी सुधारली हे दाखवायला तुलना कशाशी करणार?

मंडळी, आजच्या पुरतं इतकंच. तुमच्या गावच्या तळ्याची, ओढ्याची जुनी आठवण सांगणारं कुणी घरात असेल, तर पाण्यात तेव्हा काय काय दिसायचं ते विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटू.